कपाळावरची बट

अध्यक्षांच्या लेखी भाषणात ते नाव नव्हतं. भाषणाची प्रत दुपारीच तिच्या हातात आली होती आणि त्यातल्या प्रत्येक नावाखाली तिने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती, कारण भाषणात नावं आली की खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्याची तारांबळ उडते. बाकीच्या शब्दांचं काही नाही. ‘परंपरा’, ‘प्रगती’, ‘कटिबद्ध’ यांच्या खुणा हातांच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या, की मनात उद्याचा स्वयंपाक ठरवता ठरवता तिला त्या करता येत. नावांचं तसं नसतं. प्रत्येक नावाची खूण वेगळी, आणि ती ऐकू न येणाऱ्या माणसांनी केव्हातरी त्या थोर व्यक्तीकडे टक लावून बघत, कोणाची परवानगी वगैरे न घेता पाडलेली. भाषणातले थोर शास्त्रज्ञ म्हणजे नुसत्या जाड भुवया. पहिलं सुवर्णपदक आणणारी धावपटू म्हणजे नाकावरचा तीळ. खुद्द अध्यक्ष म्हणजे कानाची पाळी धरून खाली ओढायची, कारण त्यांच्या पाळ्या तेवढ्या लांब आहेत. अध्यक्षांना हे कोणी सांगितलेलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या लहानशा चौकटीत ही बाई सारखी कान का ओढते, असं त्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे, आणि तो आदर दाखवण्याचा प्रकार आहे असं त्यांच्या सचिवाने ठोकून दिलं होतं.

भुवया झाल्या, तीळ झाला. नव्या सभागृहाचं कौतुक झालं. कागदावरची शेवटची ओळ संपली तेव्हा तिने खांदे सैल सोडले, आणि तिथेच घात झाला. अध्यक्षांनी कागद बाजूला सारून चष्मा काढला. चष्मा काढला की ते मनाचं बोलतात. “आणि मित्रहो,” कानातल्या यंत्रातून त्यांचा आवाज आला, “सभागृहात गाण्याचा विषय निघाला आणि एक नाव घेतलं नाही, असं कसं चालेल?” त्यांनी ते नाव घेतलं. नाव पुरतं उच्चारून होण्याआधीच तिकडे टाळ्या पडल्या, कारण ते नाव तसंच आहे. दुकानात, लग्नात, मोर्चात, कुठेही घ्यावं आणि लोकांनी ओळखीचं हसावं. त्या गायकाची खूण तिला झोपेतही आली असती. तो आयुष्यभर गळ्यात रुमाल बांधून गायला, म्हणून गळ्याशी मूठ नेऊन गाठ मारायची, की झालं. तिचा हात गळ्याशी गेलाच नाही. दोन बोटं कपाळावर गेली आणि तिथे नसलेली केसांची बट ओढून त्यांनी ती भुवईवर आणून सोडली.

ती खूण त्या गायकाची नव्हती. ती कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. साऱ्या जगात ती फक्त तिच्या घरात होती, आणि तिचा अर्थ ‘बाबा’ असा होता.

चूक तिथल्या तिथे सुधारता आली असती. पण अध्यक्ष पुढे गेले होते, आणि खुणांच्या भाषेत माणसाला एकदा हवेत जागा दिली की तो तिथेच उभा राहतो. नंतर ‘तो’ म्हणायचं तर नुसतं त्या जागेकडे बोट करायचं. तिच्या डाव्या खांद्याच्या जरा पुढे, हात पुरेल इतक्या अंतरावर आता बाबा उभे होते. “आज तो आपल्यात नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि तिने डावीकडे बोट केलं आणि मोकळे तळहात दाखवले: नाही. “पण अशी माणसं जात नसतात. घराघरात ती असतात.” तिने घर केलं, घराशेजारी घर केलं, आणि डावीकडे बोट केलं. “या सभागृहाची दारं त्याच्यासाठी कायम उघडी राहतील.” दार. त्याच्यासाठी. उघडं. टाळ्या झाल्या तेव्हा दोन्ही हात उंच करून तिने पंजे हलवले, कारण टाळ्यासुद्धा सांगाव्या लागतात. हलत्या पंजांमधून तिला समोरचा कॅमेरा दिसत होता, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिलाईच्या मशीनवरचा पाय थांबवून पडद्याकडे बघत बसलेला दादा दिसत होता. तिचा एकही कार्यक्रम तो चुकवत नसे. कार्यक्रम झाला की परीक्षाही घेई: आज ‘धोरण’ ढिसाळ केलंस, आज साडीचा रंग हाताच्या रंगात मिसळत होता. आणि बाबा गेल्याचं तिने दादाला सांगितलेलं नव्हतं.

दिवे विझल्यावर तिची जोडीदारीण पाण्याची बाटली घेऊन आली. दोघी आलटून पालटून काम करत. एकीचे हात दमले की दुसरी उभी राहायची. “ती कपाळाची खूण कुठली गं?” तिने विचारलं. “रुमाल करायचा होता ना?”

“हो, रुमालच. घरची झाली चुकून.”

“जाऊ दे. टाळ्यांवरून आणि संदर्भावरून कळतंच लोकांना. कोणाला पत्ता लागायचा नाही.”

“नाही लागायचा,” ती म्हणाली. आणि हे खरंच होतं. हजारो लोकांनी पाहिलं असणार आणि कोणाला पत्ता लागला नसणार. ती चूक म्हणून वाचू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो चूक म्हणून वाचणार नव्हता. मेकअप पुसताना ती आरशात बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हात साधाभोळा दिसत होता. नखं कापलेली, अंगठी नाही, कामाच्या नियमाप्रमाणे. इतकी वर्षं ज्याने दुसऱ्यांचीच वाक्यं इमानेइतबारे उचलून इकडची तिकडे ठेवली, त्याने आज पहिल्यांदा मधेच तोंड घातलं होतं. तिला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून तिने तो पर्समध्ये खुपसून बसस्टॉप गाठला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. आपण उगाच घाबरतोय, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. घरी त्या गायकाचीही खूण होती. कपाळावरची बट ओढायची आणि मग दोन बोटांनी हवेत चौकोन काढायचा, म्हणजे टीव्हीतला. आज तिने चौकोन काढला नाही हे खरं, पण ती स्वतःच चौकोनात उभी नव्हती का? दादाने चौकोन धरून वाचलं असेल तर प्रश्नच मिटला. या विचाराने तिला दोन थांबे बरं वाटलं. मग चौकात बस अडकली, शेजारच्या रिक्षातला रेडिओ लागलेला होता आणि त्यावर तो गायकच गात होता. अध्यक्षांनी नाव घेतलं की तासाभरात सगळीकडे तोच वाजतो. तो आवाज लागला की तिला नेहमी दोन माणसं एकदम ऐकू येत. कारण लहानपणी तिने तो आवाज टीव्हीतून ऐकायच्या आधी मोरीतून ऐकला होता. बाबा अंघोळ करताना त्याच आवाजात, त्याच कंपासकट, त्याच गळ्यात अडकल्यासारख्या शेवटच्या सुरासकट गात. बाबा ऑर्केस्ट्रात होते. पोस्टरवर त्या गायकाचं नाव हातभर अक्षरांत असे, त्याच्या आधी बारीकसं ‘प्रति-’ चिकटवलेलं, आणि बाबांचं स्वतःचं नाव अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या शेजारी.

संध्याकाळी कार्यक्रमाला निघण्याआधी बाबा आरशासमोर उभे राहत. केसांना पाणी, वर सुगंधी तेल, मग सगळे केस मागे, आणि सगळं झाल्यावर दोन बोटांनी एकच बट ओढून कपाळावर. ती बट हा खरा सोहळा होता. पलंगावर बसून दादा ते बघत असे. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाबा घरात सराव करायला बसले की तो जाऊन त्यांच्या छातीवर तळहात ठेवी आणि डोळे मिटून घेई. गाणं संपलं की डोळे उघडून मान हलवी, म्हणजे चांगलं झालं. त्याच्या नावाची खूण बाबांनी त्यावरूनच पाडली होती: छातीवर ठेवलेला तळहात. तिची खूण म्हणजे गालाला टेकवलेलं बोट, कारण तिला एकाच गालावर खळी पडे. घरात तोंडाने कोणी नावं घेतच नसे. आईसुद्धा रागावली की गालात बोट खुपसूनच रागवायची.

आणि मग घरात टीव्ही आला तो दिवस. पडद्यावर तो गायक आला, रुमाल बांधलेला, कपाळावर बट. दादा ताडकन उठला. पडद्याकडे बोट केलं, बाबांकडे बोट केलं आणि तोंड वाकडं करून खुणेने सांगितलं, ‘हा बघा. हा बाबांची नक्कल करतोय.’ आई हसली, तीही हसली. बाबा हसता हसता खुर्चीत बसले, आणि मग ते हसत नव्हते. “ऐकलंस?” ते आईला म्हणाले. “एवढ्या मोठ्या गावात हा एकटा आहे ज्याला मी खरा वाटतो.” त्या दिवसापासून दादाच्या लेखी तो गायक ‘नकल्या’ झाला. पुढेही जगाने कितीही समजावलं तरी त्याने आपलं मत बदललं नाही. तिला मात्र तसं म्हणता आलं नाही, कारण तिला कान होते. एकदा ती कार्यक्रमाला गेली होती. बाबांनी मधेच, कोणाला न विचारता, स्वतः चाल लावलेलं एक गाणं सुरू केलं. ते त्यांच्या खऱ्या आवाजात होतं. जरा पातळ होता तो आवाज, जरा घाबरलेला. दोन ओळी झाल्या नसतील तोच मागून कोणीतरी ओरडलं, “त्याचं म्हण की!” बाबांनी बट सारखी केली आणि त्याचं म्हटलं. तिलाही बरंच वाटलं होतं, सुटल्यासारखं. तेव्हा ती शाळेत होती, पण सुटल्यासारखं वाटलं होतं हे तिला आज बसमध्येही लख्ख आठवत होतं.

ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर गेला तो बाबांना घेऊन, आणि परत आला तेव्हा बाबा त्यात नव्हते. दूरच्या एका शहरात त्यांनी निवेदन करणाऱ्या बाईबरोबर बिऱ्हाड केलं. आईने कपाळाला हात लावला, महिनाभर, आणि नंतर काढला. त्या विषयावर घरात पुन्हा बोलणं झालं नाही, पण दाराच्या वरच्या कडीवरून भांडण होत राहिलं. आई वरची कडी लावायची, दादा उठून काढायचा. वरची कडी बाहेरून उघडत नाही. खालच्या कुलपाची किल्ली बाबांकडे होती. एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी आई हरली. घराला रंग दिला तेव्हा कडी उघडीच होती, तशीच तिच्यावर रंग बसला, पुन्हा दिला तेव्हा पुन्हा बसला. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कडी अजून उघडीच आहे.

आणि गेल्या महिन्यात तो फोन आला. ती जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी होती. ऑर्केस्ट्रातला की-बोर्डवाला बोलत होता, आता म्हातारा झालेला; नंबर त्याने कुठून कुठून मिळवला होता. सगळं उरकलंय ताई, येण्यासारखं काही नाही, पण कळवावं म्हटलं. “गळ्याचा आजार होता. शेवटी आवाज पार गेला हो. हातवारे करायचे. आम्हाला काय कळणार? गालाला बोट लावायचे, असं टोचल्यासारखं. मग छातीवर हात. परत गाल, परत छाती. दिवसभर तेच. आम्ही म्हटलं, दात दुखतोय आणि छातीत कळ येतेय. डॉक्टरांनी दाताचं औषध दिलं, छाती तपासली, काही निघालं नाही. तरी यांचं चालूच. फार सोसलं बघा.”

“हो,” ती म्हणाली होती. “त्यांचे दात पहिल्यापासून वाईटच होते.”

हे आपण का म्हणालो ते तिला अजून कळलेलं नव्हतं. त्या बिचाऱ्याने मनापासून सेवा केली होती, त्याला वाईट वाटायला नको, असं असेल. पण दुसरंही काही होतं. तिच्या पोटापाण्याचा धंदाच हा, की हात काय म्हणतात ते न कळणाऱ्याला सांगायचं. जगातल्या थोरामोठ्यांची नावं तिने हवेत काढली होती, आणि तिचं स्वतःचं नाव कोणीतरी दिवसचे दिवस घेत होता तेव्हा समोरच्यांनी त्याला दाताच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या तिच्या घशाखाली उतरत नव्हत्या. दादाला सांगायचं तर हेही सांगावं लागणार. तो पहिलं हेच विचारील, काही म्हणाले का? म्हणून आज सांगू, उद्या सांगू करत तिने दिवस ढकलले. दादाशी स्वयंपाक करताना पाठमोरीच बोलायची, भांडी विसळताना पाठमोरीच बोलायची, हात ओले आहेत अशी सबब काढायची. बस तिच्या थांब्यावर थांबली तेव्हा ती आणखी एक थांबा पुढे जाण्याच्या बेतात होती. पण कंडक्टर तिला ओळखत होता. “उतरायचं नाही का बाई?” तो म्हणाला, आणि ती उतरली.

दार तिच्या किल्लीने उघडलं. टीव्ही बंद होता. मशीनवर कोणाची तरी पॅन्ट अर्धी शिवून पडली होती आणि दादा गळ्यात टेप घालून खुर्चीत बसला होता. खोलीत संध्याकाळचा अंधार दाटत आला होता. त्यांच्या घरात बोलायचं तर आधी दिवा लावावा लागतो. दादाने उठून दिवा लावला, तेव्हाच तिला कळलं की तो बोलणार आहे.

‘कधी?’ त्याने विचारलं.

‘काय कधी?’

त्याने दोन बोटांनी कपाळावरची बट ओढली. त्याच्या डोक्यावर आता बट निघण्याइतके केसही उरलेले नव्हते. ‘कधी?’

‘ते तर गायकाबद्दल होतं,’ तिचे हात भराभर बोलू लागले. ‘अध्यक्ष गायकाबद्दल बोलत होते. मी चौकोन करायला विसरले. रुमाल करायला पाहिजे होता, माझी चूक—’

‘अध्यक्ष त्या नकल्याबद्दल बोलत होता,’ दादा म्हणाला. ‘तू नाही.’ मग त्याने तिच्या चेहऱ्यावरून हवेतल्या हवेत हात फिरवला. ‘मी आधी हात वाचले. मग चेहरा वाचला. घरी तू माझ्याकडे पाठ फिरवून बोलतेस. गेला महिनाभर तुझे हात ओलेच आहेत. टीव्हीवर तुला तोंड फिरवता येत नाही.’

तिने पर्स खाली ठेवली. ‘गेल्या महिन्यात,’ ती म्हणाली. ‘गळ्याचा आजार. सगळं उरकल्यावर फोन आला.’

दादाने मान हलवली, बाबांचं गाणं संपल्यावर हलवायचा तशी. मग तो उठला, दाराशी गेला आणि हात उंच करून वरची कडी सरकवू लागला. कडी हलेना. रंगाचे थर तिच्यावर असे बसले होते की कडी आणि लाकूड वेगळं दिसत नव्हतं. त्याने कात्रीच्या टोकाने रंग खरवडला. मशीनच्या तेलाची बुधली आणून कडीवर तेल सोडलं, बोटाने आत चोळलं. तेल मुरेपर्यंत थांबावं लागणार होतं. तो तिच्याकडे वळला आणि जे ती महिनाभर टाळत होती ते त्याने विचारलं.

‘काही म्हणाले?’

‘आवाज गेला होता.’

‘मग?’ दादाला खरंच नवल वाटलं. ‘आपल्याशी कुठे आवाजाने बोलायचे?’

तेव्हा तिने सांगितलं. सगळं, की-बोर्डवाल्याच्या शब्दांत, त्याच्या ‘बघा’सकट. गालाला बोट, छातीवर हात, परत गाल, परत छाती. खुणा करताना तिच्या लक्षात आलं की आपण आपली दोघांची नावं घेतोय, आणि तरी ती थांबली नाही. मग डॉक्टर आले, दात आला, गोळ्या आल्या. आपण त्या माणसाला फोनवर काय म्हणालो तेही तिने सांगितलं, दात पहिल्यापासून वाईटच होते म्हणून. दादाचे डोळे तिच्या हातांवरून हलले नाहीत. गोळ्यांपाशी त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्याच्या छातीतून एक आवाज निघाला, जो त्याला स्वतःला कधी ऐकू आला नव्हता. ते हसू होतं, निदान सुरुवातीला तरी हसूच होतं. तो दाराला पाठ टेकून हसला, टेपच्या टोकाने डोळे पुसले, पुन्हा हसला, आणि मग बराच वेळ तो आवाज हसण्याचा नव्हता. तीही जमिनीवर बसून रडली. महिनाभर साचलेलं होतं, ते यायचं तसं आलं.

मग दोघांनी मिळून कडीला हात घातला. त्याने ओढली, तिने खालून दाबली. रंगाचा एक पापुद्रा सुटून पडला आणि कडी एकदम सुटून खाडकन खोबणीत बसली. दादाने तळहात दारावर पसरून ठेवला होता, बसल्याचं त्याला तिथून कळलं. तो हात त्याने दारावरून काढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मग तेलाचं बोट पुढे करून तिच्या गालावर, जिथे खळी पडते तिथे टेकवलं. परत छाती. परत गाल.

‘दात दुखतोय?’ तिने विचारलं.

‘खूप,’ दादा म्हणाला.